जेवलो

लिफ्टचं दार लागता लागता दोन बायका आत घुसल्या. त्यातली जाड भिंगांच्या चष्म्याची बाई दुसरीला म्हणाली, "आता मला खाली नकोबाईकडे पाठवलंय. तू गेली होतीस ना?" दुसरी म्हणाली, "गेले होते की. मीठ नको, साखर नको, लोणी नको, तळलेलं नको. शेवटी मी विचारलं, बाई, श्वास घेतला तर चालेल ना?" दोघी खळखळून हसल्या, आणि लिफ्टच्या कोपऱ्यात डब्याची पिशवी धरून उभी असलेली तीसुद्धा हसली. तिचा पांढरा कोट अजून पिशवीतच होता आणि ही नकोबाई कोण ते तिला खरंच कळलं नव्हतं. असेल एखादी, खालच्या मजल्यावर एक्स-रेवाली आहे, रक्त काढणारी आहे, काय एकेक माणसं असतात. मग ते मीठ नको, साखर नको पुन्हा एकदा तिच्या कानात वाजलं, या वेळी तिच्या स्वतःच्या आवाजात, आणि ओठांवरचं हसू दोरीवर विसरलेल्या कपड्यासारखं तसंच लटकत राहिलं. चष्मेवाली विचारत होती, "मग तू काय करतेस?" "काय करायचंय? ती विचारते, काल काय खाल्लंत. तिला जे ऐकायचं असतं ते सांगायचं. दूध, फळं, पालेभाजी. ती खूश, आपण मोकळे. सगळे तेच करतात गं. खरं कोण सांगत बसतंय!"

तळघरातल्या लांब बोळाच्या टोकाला तिची खोली होती. वर छताजवळ एक आडवी खिडकी होती आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. इतक्या वर्षांत ती पायांवरून माणसं ओळखायला शिकली होती. गुडघा दुखणारा कसा टाच टेकवतो, वजन वाढलेली बाई चपलेची कोणती कड आधी झिजवते, सारं तिला पाठ होतं. आज मात्र ते पाय नुसते जात राहिले. तिने कोट चढवला, टेबलावरची रबराची फळं, रबराची अंडी, रबराचा पाव सरळ लावला आणि पुन्हा सरळ लावला. नावाचं तिला तसं काही वाटलं नव्हतं. शाळेत तिनेही शिक्षकांना एकाहून एक नावं ठेवली होती, आणि आहारतज्ज्ञाला कुणी लाडाने हाक मारेल अशी अपेक्षा तिने कधीच केली नव्हती. रुतलं होतं ते दुसरंच. सगळे तेच करतात. म्हणजे या खुर्चीत बसून तिने जी हजारो जेवणं ऐकली, त्यांवर मान हलवली, ज्यांच्यासाठी "छान, असंच चालू ठेवा" म्हटलं, ती कुणी जेवलेलीच नव्हती. ती आठवू लागली. रुग्ण येतो, बसतो, काल काय खाल्लंत विचारलं की छताकडे न बघता, न अडखळता सांगून टाकतो. आणि खरं जेवण असं कुणाला सांगता येतं? तिला स्वतःला काल दुपारचं सांगायचं तर थांबावं लागलं असतं. भात होता का? नाही, भात परवा. अर्धी काकडी... नाही, ती कुणाच्या तरी डब्यातली. खरं खाणं आठवताना माणूस चाचपडतो, अंधारात चप्पल शोधल्यासारखा. खोट्याला मात्र कधी ठेच लागत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती नाकासमोर असून दिसली नव्हती. की दिसत होती, आणि मान हलवणं सोपं होतं म्हणून ती हलवत राहिली?

दारावर टकटक झाली आणि चष्मेवाली आत आली. तिने भिंगांमागून एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि तिचा चेहरा टाळूपर्यंत लाल झाला. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात ती चादरी इस्त्री करण्याचं काम करत होती. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, पाय सुजलेले. एरवीची वेळ असती तर आहारतज्ज्ञाने न पाहिल्यासारखं केलं असतं. पण आज तिच्या हातून पेन खाली ठेवलं गेलं.

"लिफ्टमध्ये मीच होते," ती म्हणाली.

"अगं बाई," इस्त्रीवाली म्हणाली. वरच्या खिडकीबाहेरून कुणाच्या तरी छत्रीचं टोक टकटकत गेलं. "ती माझी वहिनी. तिच्या तोंडाला हाड नाही. मी आपली हसले नुसती."

"मीपण हसले. काल काय खाल्लंत?"

"दूध, एक फळ..." इस्त्रीवाली थांबली. मग तिने चष्मा काढला, पदर नव्हता म्हणून बाहीनेच पुसला, आणि तिचं बोलणं अडखळलं. "म्हणजे काल ना... सकाळी चहा. बिस्किटं होती. तिथं वाफेत उभं राहिलं की अन्नावरची वासनाच जाते हो. मग पुन्हा चहा. पुन्हा बिस्किटं... किती ते नका विचारू. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र माणूस पिसाळल्यासारखं होतं. उभ्यानेच खाल्लं. पातेल्यातूनच. काय होतं ते... बटाटे होते बहुतेक."

आहारतज्ज्ञ पुढे झुकून ते अडखळणं ऐकत होती. किती दिवसांनी कुणीतरी खरं जेवण समोर आणून ठेवलं होतं, उष्टं, सांडलेलं, उभ्याने खाल्लेलं. तिने नेहमीचा छापील कागद काढलाच नाही. वाफेत गरम नको वाटतं, मग गार काय चालेल? दही चालेल? हॉटेलच्या फ्रीजमध्ये डबा ठेवू देतात का? उकडलेलं अंडं इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्या खाता येईल? चहा असू दे, बिस्किटांतली निम्मी असू देत, पण दुपारी पोटात काहीतरी गेलं तर संध्याकाळी पातेल्याशी झुंजावं लागणार नाही. "एवढंच?" इस्त्रीवालीने विचारलं. "एवढंच. जमलं नाही तर तसं सांगा. खोटं सांगायला एवढ्या लांब कशाला यायचं?" इस्त्रीवाली हसली आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाली, "वहिनीला सांगू?" "सांगा," ती म्हणाली.

दिवसभर तिने तसंच काम केलं. पेन खाली ठेवून. पण संध्याकाळी घराकडे चालताना मघाचा आनंद कुठेतरी झिरपून गेला आणि मागे एक कुरकुर उरली, चपलेत खडा गेल्यासारखी. पेठेतल्या दुकानांचे दिवे लागत होते. बेकरीच्या काचेआड पाव रचून ठेवले होते आणि वरच्या पाटीवर रंगवलेला पाव आतल्या खऱ्या पावांपेक्षा जास्त ताजा दिसत होता. ती पाटी बाबांनी रंगवलेली. या भागातल्या कितीतरी पाट्या बाबांच्या हातच्या होत्या. औषधांचं दुकान, कुलपांचं दुकान, दात काढणाऱ्याची पाटी, जिच्यावरचा दात इतका हसरा होता की लहानपणी तिला आपलाही दात दुखावा असं वाटायचं. आई म्हणायची, तुझ्या बाबांनी रंगवलं की विषसुद्धा चाटून बघावंसं वाटेल. आई स्वतः काहीही चाटून बघायची. चव न घेताच वरून मीठ घ्यायची. साखर वाढली, दाब वाढला, मुलगी रुग्णालयात आहारतज्ज्ञ, आणि आई सगळ्या बायकांत बसून सांगायची, "आमची मुलगी शिकली ती मला उपाशी मारायला." बायका हसायच्या, तीही हसायची. मग एका सकाळी आई भांडं उचलता उचलता वाकली ती सरळ झालीच नाही. एक बाजू गेली, मग बोलणं गेलं, मग आई. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने मनाशी गाठ मारली होती की बाबांनाही साखर आहे, दाब आहे, पण त्यांच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही. हसण्यावारी न्यायचं नाही. आणि तिने ते करून दाखवलं होतं. लग्नाचा विषय घरात केव्हाच निवला होता, घरात ते दोघंच, त्यामुळे आड येणारंही कुणी नव्हतं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली, लोणी घरातून हद्दपार झालं, पांढरा पाव जाऊन कोंड्याचा आला, रोज वाटीभर कच्ची काकडी, गाजर, कोबी. बाबांचे रिपोर्ट आरशासारखे स्वच्छ झाले. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या वडिलांचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले आहेत." ते वाक्य तिने कितीतरी दिवस मिरवलं होतं, नव्या दागिन्यासारखं.

बाबा खिडकीशी बसले होते. रेडिओ हळू चालू होता. तिने पिशवी ठेवली, हात धुतले आणि रोज विचारायची तसंच विचारलं, "बाबा, दुपारी जेवलात?"

"जेवलो," बाबा म्हणाले.

हात पुसता पुसता ती थांबली. रोज हाच शब्द, हाच सूर. ना छताकडे बघणं, ना चाचपडणं. "काय जेवलात?" "तू ठेवलं होतंस ते. पाव, भाजी, कोशिंबीर. छान होतं." हे "छान होतं" तिने आज सकाळपासून मनातल्या मनात शेकडो तोंडांतून ऐकलं होतं. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. "बाबा, हात बघू." "हाताला काय झालंय?" पण त्यांनी हात पुढे केला, आज्ञाधारक मुलासारखा, आणि तो आज्ञाधारकपणाच तिला टोचला; हा माणूस एके काळी शिडीच्या टोकावरून बाजारातल्या कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात भांडायचा. तिने त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर दाबलं. तिथे, त्या बेचक्यात, मांसाचा एक छोटा उंचवटा वर यायला हवा. उपाशी माणसाचा तो आधी जातो. वॉर्डात फिरताना ती हे दिवसातून कितीदा करायची, विद्यार्थिनींना दाखवायची, बघा, इथे बघा, वजनकाट्यावर विसंबू नका, काटा चरबीही मोजतो आणि माणूसही मोजतो. बाबांच्या हातात उंचवटा नव्हता. खड्डा होता. ब्रश धरून धरून जी जागा आयुष्यभर फुगलेली असायची तिथे कातडी आत बसली होती. तिने वर बघितलं. कपाळाच्या दोन्ही बाजू खोलगट. गळ्याची हाडं सदऱ्याच्या कडेला उचलून धरणारी. हे रोज तिच्यासमोर होतं. ती रोज या चेहऱ्याशी बोलत होती, त्याला औषधं देत होती, त्याच्या कमी होणाऱ्या वजनावर खूश होत होती. आई गेल्यावर तिने आईला वाचवायला सुरुवात केली होती. बाबांकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला खरं सांगा. रागावणार नाही. डब्याचं काय करता?"

बाबांनी रेडिओ बंद केला. उगाच त्याच्या बटणाशी खेळत राहिले. "खालच्या शिंप्याचा कुत्रा," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"बिचारा वाट बघत बसतो जिन्यात. कोंड्याचा पाव त्याला आवडतो. कोबी नाही खात. कोबी मी कचऱ्यात टाकतो."

तिला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. मागच्या महिन्यात तिने त्या शिंप्याला जिन्यात अडवून कुत्र्याच्या वजनाबद्दल चांगलं ऐकवलं होतं. मुक्या प्राण्याला एवढं खायला घालू नये, सांधे जातात. शिंप्याने मान खाली घालून सुईत दोरा ओवल्यासारखं केलं होतं. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत असेल. "का पण? भूक लागत नाही? आवडत नाही? मला सांगायचं ना!"

"अगं, चावता येत नाही." बाबांनी तोंडातली कवळी जिभेने हलवून दाखवली. ती सैल खडखडली. "वजन उतरलं तशी हीसुद्धा सैल झाली. हिरडीला घासते. गाजर म्हणजे काय, दगड चावल्यासारखं. आणि तू म्हणतेस, चावून चावून खा." ते जरा थांबले. "आधी थोडं थोडं गिळायचो. मग गिळायचाही कंटाळा आला. चवही नसते. आणि एकदा भूक मेली की काही वाटत नाही बघ, हलकं वाटतं उलट."

"पण मला का नाही सांगितलंत?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "आई गेल्यापासून तू हसायचीस कधी?" ते म्हणाले. "माझे रिपोर्ट आले की. वजनकाट्यावर मी उभा राहिलो की तू वाकून बघायचीस आणि तुझा चेहरा असा... म्हटलं, पोरगी एवढ्याशा गोष्टीने खूश होतेय, होऊ दे. नाहीतरी या वयात खाऊन काय कुस्ती मारायचीय?"

रडावंसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण तिला रडायचं नव्हतं. रडणं म्हणजे पुन्हा त्यांनीच तिची समजूत काढायची, पुन्हा त्यांनीच खोटं बोलायचं. ती उठली. स्वयंपाकघरात गेली. घरात लोणी नव्हतं, म्हणून शेजारणीकडून मागून आणलं. मंद आचेवर दूध घालून अंडी हलवली, मऊ, ओली, चावावं लागणार नाहीत अशी, आणि वरच्या फळीवरची बरणी काढून मीठ घातलं, चिमूट बघून पुन्हा जरा घातलं. एवढ्या वर्षांच्या सवयीने हात बरणीपाशी अडत होता, परक्याच्या खिशात घालावा तसा. बशी त्यांच्यासमोर ठेवून ती शेजारी बसली आणि स्वतःही त्याच बशीतलं खाऊ लागली. बाबांनी चार घास खाल्ले. पाचव्याला चमचा खाली ठेवला. "बस?" "बस." तिने आग्रह केला नाही. तिला माहीत होतं, मेलेली भूक हाक मारून उठत नाही. तिच्या शेजारी रोज बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि बाबांना हसऱ्या दाताच्या पाटीखालून आत नेलं. दंतवैद्य मूळच्या दंतवैद्याचा मुलगा होता. त्याने कवळी बघून चुकचुक केली, तात्पुरतं अस्तर लावून दिलं आणि नवीन मापं घेतली. तिथून ती बाबांना घेऊन थेट त्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी फाइल उघडली, स्वच्छ रिपोर्टांकडे समाधानाने बघितलं. "उत्तम आहे की सगळं."

"माणूस उत्तम नाही," ती म्हणाली. "तुम्ही कागद बघताय. त्यांचा हात बघा. उठल्यावर चक्कर येते त्यांना, तेही मला कालच कळलं. वजन एवढं उतरलंय आणि दाबाच्या गोळ्या पूर्वीइतक्याच चालू आहेत. साखरेच्याही."

डॉक्टरांनी बाबांना झोपवून, मग उभं करून दाब बघितला, आणि त्यांचं समाधान ओसरलं. "गोळ्या कमी करू," ते म्हणाले. "पण तुम्ही बंधनं सैल केलीत तर साखर जरा वाढेल. तुम्हाला सांगायला नको."

"वाढू दे जरा. ती मी बघेन. आधी ते उरले पाहिजेत." डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. याच खोलीत तिनेच किती तरी वेळा, या वयालाही सवलत देऊ नका, म्हणून त्यांच्याशी वाद घातला होता, हे दोघांनाही आठवत असणार.

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी म्हणू नये. ती दुपारी धावत घरी यायची, बाबांबरोबर जेवायची आणि धावत परत जायची. थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा. घट्ट दूध, दही, मऊ शिजवलेली डाळ, वाफवलेला मासा काटे काढून, पिकलेलं केळं कुस्करून. भाज्या तिने सोडल्या नाहीत, पण शिजवून, वाटून, लोण्यावर परतून. कधी बाबा निम्मं खायचे, कधी नुसतं चिवडायचे. आणि तिची स्वतःशी वेगळीच मारामारी चालली होती. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा वर सरकला की तिचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जायचा, तो उचलून वर ठेवायला. डोळ्यांसमोर आई यायची, वाकलेली, एका बाजूचा ओठ खाली ओघळलेला. हे बघ, तू पुन्हा तेच होऊ देते आहेस. अशा वेळी ती ओट्याची कड धरून उभी राहायची आणि आईला मनातल्या मनात सांगायची, तुझं वेगळं होतं. तुला भूक होती. तुझ्या भुकेवर मला लगाम घालता आला नाही म्हणून मी बाबांची भूक मारून टाकली. आता मला तुला सोडून त्यांच्याकडे बघू दे. मग ती हिशेब करायची, घाबरून नाही, शांतपणे, शिकल्यासारखा. भात किती, त्याच्याबरोबर डाळ किती, जेवणानंतर दोघं मिळून गल्लीच्या टोकापर्यंत किती चालायचं. तिचं शास्त्र खोटं नव्हतं. ते तिने भीतीच्या हाती दिलं होतं, एवढंच.

मध्येच बाबांना खोकला झाला, छाती भरली, ताप आला, आणि कमावलेलं सगळं चार दिवसांत वाहून गेलं. गालांची खळगी पुन्हा दिसू लागली. ते पडून राहायचे आणि चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. "राहू दे गं," ते पुटपुटले, "पुष्कळ झालं." तिने बशी बाजूला ठेवली नाही. "पुष्कळ झालं की नाही ते बरे झालात की ठरवा. तापात कुणी असले निर्णय घेतं का? एक चमचा. मग वाद घालू." त्यांनी तो चमचा घेतला, बहुधा वाद घालायची ताकद यावी म्हणून. मग तिने सूप पेल्यातून दिलं, पेल्यातून नको म्हणाले तेव्हा बर्फ करून चघळायला दिलं. सकाळ गेली, दुपार गेली. शेजारीण येऊन म्हणाली, म्हाताऱ्या माणसाच्या किती मागे लागायचं. "मी मागे नाही लागले," ती म्हणाली. "मी बरोबर आहे." ताप उतरला तेव्हा बाबांनी पहिली मागणी केली ती थंडगार सायीच्या दुधाची, आणि तीही बर्फ जरा जास्त घालून.

रुग्णालयात इस्त्रीवाली परत आली. "अंडं जमलं," तिने आल्या आल्या जाहीर केलं, "दही नाही जमलं. फ्रीजमधून कुणीतरी चोरून खातं. बिस्किटं निम्मी नाही झाली हो, पण... म्हणजे... काही दिवस झाली. परवा नातवाचा वाढदिवस होता, केक खाल्ला, दोनदा." ती चाचपडत होती, बोटं मोजत होती, चुकत होती. आहारतज्ज्ञ ऐकत राहिली. पायांची सूज थोडी उतरली होती. साखर अजून चढीच होती. "दही चोरणाऱ्याचं काय करायचं?" दोघी बराच वेळ गंभीरपणे त्याच प्रश्नावर बोलत बसल्या. नंतर ती विद्यार्थिनींना घेऊन वरच्या वृद्धांच्या वॉर्डात गेली आणि प्रत्येक खाटेशी थांबून आधी कागद नाही, हात बघितले. तोंड उघडायला लावलं, कवळी हलते का विचारलं. ज्यांच्या ताटांच्या चिठ्ठ्यांवर तिनेच कधीकाळी लाल पेनाने "मीठ नाही, लोणी नाही" लिहून ठेवलं होतं त्यातल्या कितीतरी जणांची बंधनं तिने त्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलून, भांडून, सह्या घेऊन उठवली. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर आम्हाला हे शिकवलं होतं." "हो," ती म्हणाली. "आता पुढचं शिका."

आणि मग एका रविवारी तिने भोपळा केला. मऊ शिजवून, घोटून, वर दुधाची साय घालून. रंग असा सुरेख आला होता की तिने हाक मारली, बाबा, रंग तरी बघा. नवी कवळी आता नीट बसली होती आणि ती बसवून बाबा ताटासमोर आले. त्यांनी एक चमचा तोंडात घातला. तोंड मिटून काही वेळ बसले. मग चमचा ताटात असा ठेवला की टण्णकन आवाज झाला.

"हे मी खाणार नाही," बाबा म्हणाले.

तिने वर बघितलं. त्यांच्या भुवया जवळ आल्या होत्या. चिडले होते ते, खरेखुरे चिडले होते. "लहान पोराला भरवायचं असतं असलं. गोडही नाही, तिखटही नाही. तुझी आई मेली तरी... काय म्हणतो मी, तुझ्या आईनेसुद्धा मला असलं कधी खायला घातलं नाही! रंग बघा म्हणे. भिंतीला लावायचाय का?" त्यांचा आवाज चढत चालला, शिडीवरून चढायचा तसा, खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही ऐकू गेला असेल. तिने त्यांना थांबवलं नाही. आई गेल्यापासून या घरात कुणी कुणावर ओरडलं नव्हतं. दोघं एकमेकांना काचेच्या भांड्यांसारखी जपत, एकमेकांशी छान छान बोलत, हळूहळू मरत चालली होती. त्यांचा आवाज तिच्या अंगावरून वाहत गेला आणि ती निवांत बसून राहिली, थंडीत उन्हाला बसावं तशी.

बाबा दमले. पाणी प्याले. मग त्यांना जरा अपराधी वाटलं असावं. "तू कष्टाने केलंस, ते..."

"नाही आवडलं ना?"

"नाही आवडलं."

"मग काय खाल?"

बाबांची नजर छताकडे गेली, तिथून खिडकीकडे. ओठ थोडे हलले, थांबले. ते शोधत होते. जिभेवर काहीतरी येत होतं आणि निसटत होतं. तिच्या ओठांवर अनेक उत्तरं तयार होती, पौष्टिक, मऊ, प्रमाणात बसणारी. तिने ती सगळी गिळली आणि वाट बघत राहिली.

"बटाटा," बाबा शेवटी म्हणाले. "नाही, नुसता नाही. पातळ काप करून. कडेला खरपूस. आणि वर मिरी, भरडसर." ते खुर्चीतून उठले. "तू बस. तुला ते काप जमायचे नाहीत, तू जाड करतेस."

ती बसली. आतून सुरीचा आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग एका लयीत. मग कढईत काहीतरी चरचरलं आणि बाबांनी आतून विचारलं, "तुझ्यासाठीही टाकू का गं?"

"टाका," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."